नववा स्क्रू

आमच्या दुकानात शिरताना डाव्या हाताला एक काळा फळा आहे. जवळची एक शाळा बंद पडली तेव्हा तिचं सामान विकायला काढलं होतं, त्यात तो मिळाला. त्यावर मी खडूने चार रकाने आखले आहेत: किंमत, दर्जा, कामगिरी आणि कारण. पहिल्या तीन रकान्यांत दहापैकी मार्क, चौथ्यात ते मार्क का दिले ते थोडक्यात. कॉम्प्युटर जुळवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी फळ्यासमोर उभं राहतं, मग आमच्याकडे वळतं. आजूबाजूचे दुकानदारसुद्धा येता-जाता डोकावतात आणि डोकावलोच नाही असा चेहरा करून पुढे जातात.

मदरबोर्डांची तुलना लोक हल्ली मोबाईलवर घरबसल्या वाचतात. तिथे एकाच बोर्डाला एक जण डोक्यावर घेतो, दुसरा पायदळी तुडवतो, आणि दोघांनीही तो बोर्ड कधी हातात धरलेला नसतो. माझं तसं नाही. मी तेवीस वर्षं बंद पडलेले बोर्ड दुरुस्त करते आहे. बोर्ड कशाने मेला हे मला त्याच्या तोंडावर दिसतं. कारण लिहिता येत नसेल तर मार्क द्यायचे नाहीत आणि दिलेले मार्क कारणाशिवाय बदलायचे नाहीत, हा माझा नियम. त्या चौथ्या रकान्यामुळे फळ्याला वजन आहे.

दुकान आम्हा नवराबायकोचं. पुढच्या टेबलावर आमचे हे बसतात. कॅबिनेट उघडणं, बोर्ड बसवणं, तारा जोडणं, स्क्रू मारणं हे सगळं त्यांचं काम. मागच्या खोलीत मी, माझा मायक्रोस्कोप आणि सोल्डरिंगचं सामान. बिघडलेलं मशीन आलं की हे त्यातून बोर्ड काढून ट्रेमध्ये ठेवतात आणि ट्रे आत सरकवतात. मी दुरुस्त करते, ट्रे बाहेर सरकवते. लग्नानंतर दोन महिन्यांतच आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, कारण मी त्यांच्या नीट बांधलेल्या तारांना हात लावला. त्या दिवशी ठरलं की कॅबिनेट तुमचं, बोर्ड माझा. तेव्हापासून मी एकाही कॅबिनेटचा स्क्रू काढलेला नव्हता. याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी फजिती वाचताना तुम्हाला चुकल्यासारखं वाटायला नको.

त्या दिवसांत फळ्यावर तीन बोर्ड होते. कंपन्यांचे लांबलचक नंबर कोणाच्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून मी टोपणनावं लिहिते. पहिला नवरदेव. अंगभर दिवे, छातीवर धातूची झाकणं, खोका उघडताच डोळे दिपावेत असा थाट. दुसरा पाहुणा. सगळ्यात स्वस्त, चार दिवस गोड वागणार आणि मग निघून जाणार. तिसरा मास्तर. साधा, हिरवट, दिवा म्हणून चालू-बंद कळण्यापुरता एकच. पाहुण्याच्या दीडपट किंमत आणि नवरदेवाच्या तिसरा हिस्सा.

तिघांची परीक्षा मी एकाच पेपरावर घेते. तोच प्रोसेसर, तीच मेमरी, तीच डिस्क तिन्ही बोर्डांवर आळीपाळीने लावायची आणि एकच मोठी व्हिडिओ फाईल बारीक करायला द्यायची. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. नवरदेवाने एकेचाळीस मिनिटं घेतली, मास्तरने त्रेचाळीस, पाहुण्याने अठ्ठावन्न. पाहुणा वीस मिनिटांत तापून दमला आणि मग रेंगाळत राहिला. फाईल चालू असताना पॉवरच्या भागाशेजारी बोट टेकवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, ही माझी दुसरी परीक्षा. पाहुण्यावर मी तीनलाच बोट उचललं.

तेव्हा नवरदेवाला किमतीत तीन आणि बाकी दोन्हींत नऊ-नऊ मिळाले, कारणापुढे लिहिलं होतं, "दोन मिनिटांसाठी तिप्पट पैसे. दिव्यांनी फाईल लवकर होत नाही." पाहुण्याला किमतीत नऊ, दर्जात चार, कामगिरीत पाच. मास्तरला तिन्ही रकान्यांत आठ. माझ्या फळ्यावर तिन्हीकडे आठ मिळवणारा तो दुसराच बोर्ड असेल.

आणि मग मास्तर मरायला लागला. पाच महिन्यांत आम्ही अकरा मास्तर विकले, त्यातले सात बंद पडून परत आले. सातही एकाच पद्धतीने गेलेले, पॉवरच्या भागातली एक चिप जळून काळी. मी चिप बदलून बघितली, आठवड्याभरात पुन्हा तेच. माझा विश्वासघात झाल्यासारखा मला राग आला. मी दर्जाचे आठ पुसून तीन केले आणि लिहिलं, "पॉवरचा भाग कच्चा."

मास्तरचा सप्लायर म्हणजे गॅरंटी. खरं नाव आम्ही कधी विचारलं नाही, दर दोन वाक्यांमागे "गॅरंटी माझी" म्हणतो म्हणून सगळ्या गल्लीत तो गॅरंटी. पाठीवर बॅग, पायात झिजलेले बूट, सोबत ना भागीदार ना नोकर. एका गुरुवारी तो दुकानात आला आणि नेहमीसारखं "काय म्हणताय काका-काकू" न म्हणता फळ्यासमोर उभा राहिला.

"काकू, तीन?"

"तीन."

"मागे आलो तेव्हा आठ होते."

"मागे आलास तेव्हा सात मेले नव्हते."

तो स्टूल ओढून बसला. त्याची अडचण त्याने सरळ सांगितली. एका मोठ्या शाळेला चाळीस कॉम्प्युटर जुळवून हवे होते. तिथल्या कॉम्प्युटरच्या बाई शनिवारी अकरा वाजता आमच्याकडे येणार होत्या आणि फळ्यावर जो बोर्ड चांगला दिसेल तो घेणार होत्या. जुळवायचं कामही आम्हालाच. गॅरंटीने होतं नव्हतं ते या एकाच बोर्डात घातलं होतं. त्याचं गोडाऊन मास्तरने भरलेलं होतं.

"शाळेने घेतले तर मी उभा राहीन," तो म्हणाला. "नाही घेतले तर मेव्हण्याच्या फरशीच्या दुकानात फरश्या दाखवायला जाईन. तो कधीचा वाट बघतोय माझी."

"मग मी काय करू? मार्क वाटायला बसले आहे का मी?"

"वाटा म्हणत नाही. एकदा परत बघा म्हणतो." त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. "हा बोर्ड मी तीनशे दहा विकलाय. परत आले तेरा. त्यातले सात तुमचे. बाकी सगळ्या दुकानांचे मिळून सहा."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"मला काहीच म्हणायचं नाही. मी आकडे सांगतोय."

"तोंडाने म्हणायची हिंमत नसली की माणसं आकडे सांगतात," मी म्हटलं आणि त्याला असं काही झापलं की बाहेरून जाणारा माणूस थांबून बघायला लागला. गॅरंटी ऐकून घेत राहिला. जाताना त्याने एक नवा, खोक्यातला मास्तर माझ्या हातात दिला आणि निघून गेला. गॅरंटी माझी, असं काही तो म्हणाला नाही.

एरवी माझा पारा चढला की हे मध्ये पडतात, काहीतरी चेष्टा करून मला गार करतात. त्या दिवशी ते मान तिरकी करून आपल्या टेबलावर तारा गुंडाळत बसले होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

ही तिरकी मानसुद्धा गेल्या वर्षभरातलीच. समोरच्याशी बोलताना हे त्याच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं काकांना शिष्टपणा आला. मला वाटलं मानेचं दुखणं, म्हणून मी एक महागडी उशी आणली. ती उशी त्यांनी कौतुक करून वापरली. आणखी एक सवय त्यांनी लावून घेतली होती. कोणी फळ्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "तुम्हीच वाचा, मोठ्याने वाचा, म्हणजे डोक्यात बसेल." मला ते फार हुशारीचं वाटायचं.

गॅरंटीचे आकडे मला रात्रभर टोचत राहिले. शुक्रवारी दुपारी हे घाऊक बाजारात सामान आणायला गेले. दुकानात एक कॅबिनेट पंखा साफ करायला आलेलं होतं, आमच्या अकरांपैकी अजून जिवंत असलेल्या चार मास्तरांपैकी एक त्यात होता. मी दार अर्धं लोटलं, यांच्या टेबलाशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा यांच्या कॅबिनेटला स्क्रू ड्रायव्हर लावला. चोरी करताना वाटावी तशी धडधड होत होती.

आतल्या तारा बघून मान डोलावली. एकही वाकडी नाही, सगळ्या एका वळणाने बांधलेल्या. मग मी बोर्डाचे स्क्रू काढले. आठ निघाले. बोर्ड उचलला.

ज्यांनी कॅबिनेट आतून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बोर्ड पत्र्यावर नुसता टेकवत नाहीत, नाहीतर तो पत्र्याला लागून शॉर्ट होईल. आधी पत्र्यावर पितळेच्या बुटक्या खुंट्या लावतात. बोर्डाला जिथे भोक असेल बरोबर तिथे खुंटी, त्यावर बोर्ड, आणि वरून भोकातून स्क्रू. मोठ्या बोर्डाला भोकं नऊ, खुंट्या नऊ, स्क्रू नऊ. ही गोष्ट इतकी ठरलेली आहे की तिचा विचार कोणी करत नाही.

बोर्डाखाली खुंट्या नऊ होत्या. मी बोर्ड उजेडात धरला आणि भोकं मोजली. आठ. पुन्हा मोजली. आठच. खालच्या कोपऱ्यातलं भोक कंपनीने या बोर्डातून काढून टाकलं होतं आणि तिथून पॉवरच्या बारीक रेघा नेल्या होत्या. त्या रेघांच्या बरोबर खाली नववी खुंटी पितळेचं टोक लावून उभी होती. पंखा फिरला, टेबल हललं, कोणी कॅबिनेट सरकवलं की टोक रेघेवर घासत राहणार. वरचं रंगाचं कातडं निघालं की एक दिवस चिप जळणार.

मी धावत मागच्या खोलीत गेले आणि कपाटातून सातही मेलेले मास्तर काढले. उलटे करून ओळीने मांडले. प्रत्येकाच्या पाठीवर खुंट्यांनी उमटलेली नऊ वर्तुळं होती. ही वर्तुळं मी आधीही बघितली होती. नऊ असतातच, म्हणून बघून सोडून दिली होती. त्यातल्या एका वर्तुळात भोक नाही हे मला सातपैकी एकदाही दिसलं नाही. मायक्रोस्कोप लावून बसणारी, दुसऱ्यांचे मार्क कापणारी मी, आठ आणि नऊमधला फरक मला कळला नव्हता. मी स्वतःला मोठ्याने एक शिवी दिली.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहिला. मी आत बसते. यांच्या तर हातात बोर्ड असतो. वरून स्क्रू मारताना कोपऱ्यात भोक नाही हे माणसाला दिसणार नाही का? मी त्यांचा खण उघडला. पकड, पाने, तारा बांधायच्या पट्ट्या, आणि एका कोपऱ्यात जुन्या गोळ्यांच्या डबीचं झाकण. झाकणात स्क्रू होते. मी ते टेबलावर ओतून मोजले. अकरा.

अकरा मास्तर विकले होते. प्रत्येकामागे एक स्क्रू उरला होता आणि यांनी तो इतर स्क्रूंमध्ये न मिसळता वेगळा ठेवला होता. त्या क्षणी तिरकी मान, कानाकडे बघणं, मोठ्याने वाचा म्हणणं, सगळं माझ्या डोक्यात एका रांगेत येऊन उभं राहिलं.

चारच्या सुमारास हे आले. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आत मी झाकण त्यांच्यापुढे धरलं.

"हे किती आहेत?"

त्यांनी बोटाने झाकणाची कडा चाचपली. "अकरा."

"मोजले नाहीत तुम्ही."

"मोजायचे कशाला? एकेक करून मीच टाकलेत." ते खुर्चीत बसले. "दर वेळी एक उरायचा. आठ बसायचे. नववा मारायला जागाच सापडायची नाही."

"अहो, मग डोळ्यांनी बघायचं ना!"

बोलून गेले आणि जीभ चावली.

"डोळ्यांनी नाही दिसत गं," ते म्हणाले. "वर्ष झालं. मधोमध एक डाग आहे. जिकडे बघायला जावं तिकडे तो माझ्या आधी जाऊन बसतो. कडेकडेचं दिसतं. आता तुझा कान दिसतोय, तोंड नाही दिसत."

"डॉक्टर?"

"दाखवलं. बाजारात जातो म्हणून दोनदा तिकडेच गेलो होतो. बरं होणारं नाही म्हणाले. वाढू नये म्हणून थेंब दिलेत."

"आणि मला वर्षभर एका शब्दाने सांगितलं नाहीत? मी उशी आणली तेव्हा तरी?"

"उशी चांगली होती," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला असतास."

घेतला असता. त्यांच्याच भल्यासाठी म्हणून, वर चार शब्द सुनावून घेतला असता.

"बोटांवर चाललं होतं माझं," ते सांगू लागले. "भोक बोटाला लागतं, त्याची कडा लागते. तारांचे रंग दिसले नाहीत तरी त्यांची टोकं कळतात. सगळं जमत होतं. या मास्तरचंच एक भोक, कोपऱ्यातलं, काही केल्या सापडेना. दहा दहा मिनिटं चाचपायचो. डोळे गेले ते मी कसंबसं गिळलं होतं. पण आता बोटंही चालली असं वाटलं, आणि मग फार भीती वाटली. स्क्रू झाकणात टाकत गेलो. तुला दाखवायची छाती झाली नाही."

मी गॅरंटीने दिलेला नवा मास्तर खोक्यातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांचं बोट धरून खालच्या कोपऱ्यावर नेलं.

"शोधा."

त्यांनी चाचपलं. "नाही लागत. बघ, अजूनही नाही लागत."

"लागणारच नाही. तिथे भोक नाहीच आहे. कंपनीने काढून टाकलंय. आठच आहेत."

"नाहीच आहे?"

"नाहीच."

ते त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवत राहिले. पुन्हा पुन्हा, एकाच ठिकाणी.

"म्हणजे बोटाला बरोबर कळत होतं," ते म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून बरोबर कळत होतं. सांगितलं असतं तर मी तेव्हाच मोजली असती भोकं."

त्यांनी बोर्ड मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसत होते की रडत होते ते मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. मला इतकं वाईट आणि इतकं बरं एकाच वेळी कधी वाटलेलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक माऊस घ्यायला आलं, त्याला मी उद्या ये म्हणून हाकललं.

मग फळा. दुसऱ्या दिवशी अकराला बाई येणार होत्या. मी ओल्या फडक्याने तीन पुसून पुन्हा आठ लिहिले आणि चौथ्या रकान्यापाशी थांबले. खरं कारण लिहिलं तर बाईंना कळणार की या दुकानात बोर्ड चुकीचे बसवले गेले. का, असं त्या विचारणार. मग चाळीस मशीन जुळवायला त्या आमच्याकडे कशाला देतील? आणि नुसत्या बाई नाहीत, येणारं-जाणारं प्रत्येक माणूस ते वाचणार. यांच्या हाताला पुन्हा काम मिळणार नाही. खोटं कारण लिहिणं मात्र फार सोपं होतं. मी लिहिलं, "नवा माल सुधारलेला."

दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या होत्या. गॅरंटी वाचला, हेही वाचले. मी खडू खाली ठेवला.

"काय लिहिलंस?" यांनी खुर्चीतून विचारलं. "वाच."

मी वाचायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा फळ्याकडे होता, नजर माझ्या कानाकडे. आजपासून मी जे वाचून दाखवीन तेवढंच यांना दिसणार होतं. पहिल्याच ओळीत खोटं वाचायचं, तर पुढे माझ्या वाचण्यावर यांनी विश्वास का ठेवायचा?

मी फडकं उचलून ओळ पुसली. मग बारीक अक्षरात, रकान्याबाहेर जाईपर्यंत लिहिलं आणि लिहीत असतानाच मोठ्याने वाचलं. "बोर्डाचा दोष नाही. भोकं आठ असताना आम्ही खुंट्या नऊ लावल्या. जोडणाऱ्याला दिसलं नाही, तपासणारीने मोजलं नाही. आमच्याकडून घेतलेले आणून द्यावेत, विनामूल्य नीट करून मिळतील."

"तपासणारी कशाला घातलीस त्यात?"

"कारण ती होती त्यात."

"माझ्या एकट्याच्या नावावर खपलं असतं."

"सातही बोर्ड माझ्या हातून गेलेत. आता गप्प बसा," मी म्हटलं. ते गप्प बसले.

शनिवारी गॅरंटी साडेदहालाच येऊन बसला होता. फळा वाचून त्याने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. झापलं होतं ते चुकलं, असं म्हणायला हवं होतं, पण मला ते पटकन जमत नाही. मी त्याला पाणी दिलं. तो दोन ग्लास प्यायला.

बाई बरोबर अकराला आल्या. उंच, चष्म्याची दोरी गळ्यात, बोलणं मोजकं. त्यांनी नवरदेवाचं वाचलं, पाहुण्याचं वाचलं, मास्तरशी आल्यावर चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बोर्ड कुठला घ्यायचा ते कळलं," त्या म्हणाल्या. "आता मला सांगा, जोडणार कोण?"

मी काहीतरी गुळमुळीत सांगणार होते. त्याआधी हे बोलले.

"मी. पण बाई, आधी ऐकून घ्या. मला नीट दिसत नाही. वर लिहिलंय तो न दिसणारा माणूस मीच."

गॅरंटी ग्लासच्या तळाकडे बघत होता. बाईंनी चष्मा काढला.

"दिसत नाही आणि चाळीस मशीन जोडणार?"

"बोटांना दिसतं. आणि भोकं मोजायला ही शेजारी बसेल. विश्वास ठेवा म्हणत नाही. एक जोडून दाखवतो, मग ठरवा."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, म्हणजे बसणार होत्या. मी रिकामं कॅबिनेट टेबलावर आडवं केलं आणि यांच्या शेजारी बसले. कालची दुपार सोडली तर तेवीस वर्षांत त्या बाजूला मी बसले नव्हते. बोर्ड उजेडात धरून मी भोकं मोठ्याने मोजली आणि झाकणात आठ स्क्रू मोजून ठेवले. हे एकेक खुंटी पत्र्यावर लावत गेले, मी भोकाशी ताडून "हो" म्हणत गेले. कोपऱ्यात त्यांचा हात सवयीने गेला, तिथे थांबला आणि परत आला. मी काही म्हटलं नव्हतं.

बोर्ड बसला. स्क्रू त्यांनी अंगठ्याने जागेवर धरून फिरवले, एकही घसरला नाही. प्रोसेसर, मेमरी, पंखा. तारा त्यांनी अशा ओवल्या की बाई स्टूल पुढे ओढून बघायला लागल्या. सुरू केल्यावर पंखा फिरला, एकुलता एक दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं आली. सगळ्याला अठ्ठावीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं, सवय.

बाईंनी स्वतः कॅबिनेट हलवून बघितलं, उचलून बघितलं. काही आतून खडखडलं नाही.

"चाळीस," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक असंच. दोघांनी बसून. एकट्याने केलेलं मी घेणार नाही."

गॅरंटीने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरची बिलं हलली. "गॅरंटी माझी," तो पुटपुटला, आणि बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा पाणी प्यायला लागला.

हे अजून खुर्चीतच होते. हात मांडीवर, मान तिरकी, तोंड माझ्या दिशेने.

"किती उरले?" त्यांनी विचारलं.

मी झाकण उपडं करून त्यांच्यासमोर धरलं. मग लक्षात आलं की धरून उपयोग नाही.

"एकही नाही."

"बघून सांग."

"बघूनच सांगते आहे."

त्यांनी हात पुढे करून झाकण चाचपलं, आतून, कडेकडेने, आणि मला परत दिलं.

"मग पुढचं कॅबिनेट उघड," ते म्हणाले. "आणि तारांना हात लावू नकोस."